संत जोसाफाट म्हणजे गौतम बुद्धच का?

त्रिरश्मीवाचक (नाशिक) यांचा प्रश्न

आम्ही चार निवृत्त शिक्षक महिन्यातून एका रविवारी पांडवलेण्यांवर, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांवर जातो. गुडघे साथ देतात तोवर पायऱ्या चढायच्या, वर वाऱ्याला बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खायची आणि ऊन चढायच्या आत उतरायचे, असा आमचा नेम आहे. या वेळी सतराव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी बसलो असताना आमच्यापैकी एकाने एक विधान केले. हे गृहस्थ नाशिकरोडला राहतात आणि दर फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला न चुकता जातात. त्यांचे म्हणणे असे की कॅथलिक चर्चच्या संतांच्या जुन्या यादीत जोसाफाट नावाचे एक भारतीय राजपुत्र आहेत आणि ते दुसरे कोणी नसून साक्षात गौतम बुद्ध आहेत. बाकीच्या दोघांनी ते हसण्यावारी नेले. मला मात्र घरी आल्यावर चैन पडेना.

मी आयुष्यभर मराठी शिकवले. महिपतीबुवांच्या चरित्रांतून ज्ञानदेवांनी भिंत चालवली, रेड्याच्या तोंडून वेद वदवले, हे सगळे मुलांना सांगितले. त्यामुळे संतचरित्रातले चमत्कार मला अडचणीचे वाटत नाहीत. भिंत चालली की नाही यावर कितीही वाद होवोत, आळंदीची समाधी आणि ज्ञानेश्वरी जागच्या जागी आहेत. येथे प्रकार उलटा दिसतो. चमत्काराबद्दल शंका नाही, शंका आहे ती माणसाबद्दलच. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावे की या म्हणण्यात तथ्य किती आहे, बुद्धाची कथा युरोपपर्यंत कोणत्या वाटेने गेली आणि ती घेणाऱ्यांना आपण कोणाची कथा घेत आहोत याची कल्पना होती का. शिवाय, एक संत असा निघाला तर बाकीच्या संतांच्या कथा कोणत्या भरवशावर वाचायच्या, हेही मला समजून घ्यायचे आहे.

जुनीपोथी यांचे उत्तर

आपल्या मित्राचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. मात्र ‘चर्चने बुद्धाला संत केले’ असे वाक्य कोणी त्यातून काढले तर ते मी मान्य करणार नाही, आणि ते का, हे शेवटी सांगतो.

आधी कथा पाहू. भारतात अबेन्नेर नावाचा राजा असतो आणि तो ख्रिस्ती संन्याशांचा छळ करतो. पुष्कळ वर्षांनी त्याला मुलगा होतो. त्याचे नाव जोसाफाट. जमलेल्या ज्योतिष्यांपैकी एक जण सांगतो की हा मुलगा मोठा होईल, पण त्याचे राज्य या जगातले नसेल. राजा घाबरून त्याला एका सुंदर महालात ठेवतो, भोवती तरुण आणि देखणे सेवक नेमतो आणि म्हातारपण, रोग, मृत्यू हे शब्दही त्याच्या कानी पडू नयेत अशी ताकीद देतो. मुलगा मोठा झाल्यावर हट्टाने बाहेर पडतो. त्याला आधी एक महारोगी आणि एक आंधळा दिसतो, पुढच्या वेळी कमरेत वाकलेला, दात पडलेला म्हातारा दिसतो आणि त्याचे मन उडते. येथपर्यंत वाचून मराठी वाचकाला पुढचे वेगळे सांगावे लागत नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. बुद्धाच्या कथेत चौथे दर्शन संन्याशाचे असते. त्याला पाहून सिद्धार्थ पत्नी आणि मूल मागे ठेवून निघतो आणि पुढचे सगळे स्वतःच्या साधनेने शोधतो. जोसाफाट अविवाहित आहे आणि त्याच्या कथेत संन्याशाच्या जागी बार्लाम नावाचा वृद्ध तापस येतो. तो रत्नांच्या व्यापाऱ्याचा वेष घेतो, आपल्याजवळ एक अमोल रत्न आहे, पण निर्मळ दृष्टीच्या आणि शुद्ध आचरणाच्या माणसालाच ते पाहता येते, असे सांगून महालात शिरकाव करून घेतो आणि एकामागून एक दृष्टांत देत राजपुत्राला ख्रिस्ती धर्माची दीक्षा देतो. सिद्धार्थाला सत्य स्वतः सापडते, जोसाफाटला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागते. माझ्या मते कथेने धर्म बदलला तो नेमका या ठिकाणी. बाकी बरीचशी सजावट आहे.

आता वाट. मध्य आशियातील तुर्फान येथे सापडलेल्या मानी या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथाच्या हस्तलिखितांत या कथेचे तुकडे मिळाले आहेत, म्हणजे ती आधी इराणी भाषांतून फिरली. आठव्या शतकाच्या सुमारास ती बगदादच्या वर्तुळात अरबीत आली. तेथे राजपुत्राचे नाव ‘बुदासफ’ आहे, आणि ते ‘बोधिसत्त्व’ या शब्दाचे झिजलेले रूप आहे. अरबी लिपीत शब्दारंभीच्या ‘ब’खाली एक टिंब असते आणि ‘य’खाली दोन, आपल्याकडे उतरवून घेणाऱ्याने घ आणि ध यांचा घोळ घालावा तसा तेथे एका टिंबाचा घोळ झाला आणि ‘बुदासफ’चा ‘युदासफ’ झाला. जॉर्जियन भाषेत त्याचा ‘इओदासफ’, ग्रीकमध्ये ‘इओआसफ’ आणि लॅटिनमध्ये, बायबलातील यहोशाफाट राजाचे नाव कानात बसलेले असल्यामुळे, ‘जोसाफाट’ झाला. अरबी कथेत येशू कोठेच नाही. कथेला ख्रिस्ती रूप दिले ते नवव्या-दहाव्या शतकातील जॉर्जियन भिक्षूंनी. ग्रीसमधील आथोस पर्वतावर जॉर्जियन भिक्षूंचा मठ होता. तेथील युथिमियस याने, जो १०२८ मध्ये वारला, ती ग्रीकमध्ये आणली. १०४८ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे तिचे लॅटिन भाषांतर झाले आणि मग तिला पाय फुटले. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने केलेल्या संतकथांच्या प्रसिद्ध संग्रहात ती आली, नॉर्वेच्या राजदरबारात पोचली, हिब्रूत गेली, पुढे इथिओपियातही पोचली. १५९१ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांनी जपानमध्ये संतकथांचे पुस्तक छापले, त्यातही ती आहे. म्हणजे बौद्ध जपानला बुद्धाचीच कथा ख्रिस्ती संताची म्हणून ऐकवली गेली, आणि ऐकवणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

आपला तिसरा मुद्दा कल्पना असण्याचा. कित्येक शतके लोक हा ग्रंथ आठव्या शतकातील दमास्कसच्या संत योहानाने लिहिला असे समजत, त्यामुळे त्यावर शंका घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. एक फार जुनी शंका, मला सांगताना आनंद होतो, आपल्याच भागात आली. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज इतिहासकार दियोगु दु कोउतु बुद्धाची माहिती लिहिताना थबकतो आणि म्हणतो की हे तर हुबेहूब संत जोसाफाटचे बालपण आहे. तो साष्टी बेटावर कान्हेरीची लेणी पाहायला गेला होता. तेथे एका फार म्हाताऱ्या माणसाने त्याला खात्रीने सांगितले की राजपुत्र जोसाफाटला जगापासून दूर वाढवण्यासाठी त्याच्या बापाने हे डोंगर कोरवून घेतले. कोउतुने त्यावरून तर्क केला की जोसाफाट हाच येथल्या लोकांचा बुद्ध असावा. दोन्ही कथा एकच आहेत हे त्याने बरोबर ओळखले. मूळ कोणते याचा निकाल मात्र १८५९ मध्ये फ्रान्समध्ये लाबुले आणि १८६० मध्ये जर्मनीत लीब्रेख्ट या अभ्यासकांनी लावला: मूळ कथा बुद्धाची.

राहिले चर्चचे. जोसाफाटला कोणत्याही पोपने विधिपूर्वक संत जाहीर केलेले नाही. १५८०च्या दशकात रोमची संतनामावली सुधारताना कार्डिनल बारोनियुस यांच्या काळात २७ नोव्हेंबर या तारखेला बार्लाम आणि जोसाफाट यांची नावे आली, ती रूढ कथेच्या आधारावर. म्हणून मी म्हणालो की चर्चने बुद्धाला संत केले नाही. एक कथा संताची म्हणून चालत आली आणि तिची नोंद झाली.

स्पष्टवक्ता यांचे उत्तर

वरचे उत्तर अभ्यासपूर्ण आहे, पण शेवटी फार मवाळ झाले आहे. अस्तित्वात नसलेल्या माणसाची तारीख ठरते, त्याचे अस्थी-अवशेषही निघतात (१५७१ मध्ये व्हेनिसच्या प्रमुखाने जोसाफाटचे हाड म्हणून एक अवशेष पोर्तुगालच्या सेबॅस्टियन राजाला भेट दिला होता), आणि आपण त्याला ‘रूढ कथा’ म्हणून सोडून द्यायचे?

बरे, हे एकटेच उदाहरण नाही. पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: मुंगूस सापाला मारून बाळाला वाचवते, तोंडाला रक्त पाहून घरचे त्यालाच मारतात. तेराव्या शतकात फ्रान्समध्ये ल्योंजवळ हीच गोष्ट एका शिकारी कुत्र्याची म्हणून सांगितली जात होती, आणि गावकरी त्या कुत्र्याला संत गिनफोर म्हणून नवस बोलत! आजारी मुले घेऊन आया त्याच्या पुरल्या जागी जात. संत युस्टेसला हरणाच्या शिंगांत क्रूस दिसला ही कथाही जातकातल्या मृगाची आहे असे म्हणतात. माझा निष्कर्ष असा की संतांच्या कथा म्हणजे हिंडत्या गोष्टींना चिकटवलेली नावे आहेत.

शरणपूरकर यांचे उत्तर

मी ख्रिस्ती आहे, चर्चच्या इतिहासाचे माझे वाचन हौशी का होईना पण तीस वर्षांचे आहे, आणि स्पष्टवक्ता यांच्या उदाहरणांनी माझ्या श्रद्धेला धक्का बसत नाही, हे आधी सांगून टाकतो. त्यांनी गिनफोरची गोष्ट अर्धीच सांगितली. ती आपल्याला कळते ती एतिएन दे बुर्बों या डोमिनिकन धर्मोपदेशकामुळे, आणि त्याने हा प्रकार समजताच कुत्र्याची हाडे उकरून जाळायला लावली. लोक तरीही पुढे शतकानुशतके तेथे जातच राहिले, हा भाग वेगळा. नवसाला आडकाठी घालणे किती अवघड असते हे नाशिककरांना मी काय सांगावे. पण गावकऱ्यांनी मानलेला संत आणि चर्चने मानलेला संत यांत फरक करायला हवा. सुरुवातीच्या शतकांत हुतात्म्याच्या थडग्यावर लोक जमत, स्थानिक बिशप मान्यता देई आणि तो संत ठरे. पोपने स्वतः संत जाहीर केल्याची पहिली निश्चित नोंद ९९३ मधली आहे, आउग्सबुर्गच्या बिशप उलरिख यांची. त्याआधीचा बराचसा कारभार तोंडी परंपरेचा होता, आणि तोंडी परंपरेत खरे, खोटे आणि ऐकीव एकाच पिशवीत पडते.

ती पिशवी निवडायचे काम चर्चमधल्याच माणसांनी हाती घेतले, याचा उल्लेख कोणी केला नाही. बेल्जियममधील जेझुइट विद्वानांच्या एका गटाने, ज्यांना त्यांच्या प्रमुखाच्या नावावरून बोलांदवादी म्हणतात, १६४३ पासून संतचरित्रांचे खंड काढायला सुरुवात केली. पद्धत अशी की एकेका संताची जुनी हस्तलिखिते गोळा करायची, कोणते आधीचे आणि कोणते नंतर वाढवलेले ते ठरवायचे आणि मगच मत द्यायचे. त्यांतील पापेब्रोख या विद्वानाने कार्मेल या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाची स्थापना बायबलातील एलिया संदेष्ट्याने केली ही समजूत उडवून लावली. त्यावर त्या संघाचे लोक इतके संतापले की १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने हे खंड निषिद्ध ठरवले. तरी काम थांबले नाही. कॅथलिक चर्चच्या २००१ च्या सुधारित नामावलीतून जोसाफाटचे नाव गेले आहे.

त्रिरश्मीवाचक सरांनी विचारले आहे की भरवसा कशावर ठेवायचा. माझा साधा ठोकताळा असा की लिहिणारा संताच्या किती जवळ होता ते आधी पाहावे. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेतुआ नावाच्या तरुण आईला रानटी जनावरांपुढे सोडले आणि शेवटी तलवारीने ठार केले. तिच्या नावाने तुरुंगातली जी टिपणे आहेत, ती बहुतेक अभ्यासक तिचीच मानतात. अंधाराची भीती, पाजायला जवळ नसलेल्या बाळाची काळजी, तुरुंगात मूल जवळ मिळाल्यावर तुरुंग महाल वाटू लागला हे वाक्य, आणि म्हातारा बाप हात चुंबून ‘माझ्या पांढऱ्या केसांची दया कर’ म्हणत असताना तिचे न बधणे. हे कोणी हिंडत्या गोष्टीतून उचललेले नाही. तूरचे संत मार्टिन हे दुसरे उदाहरण. त्यांचे चरित्र सल्पिसियस सेव्हेरस याने ते हयात असतानाच, त्यांना भेटून लिहिले. त्यात चमत्कार भरपूर आहेत, पण माणूस खरा आहे. ऐन थंडीत आमिएँ शहराच्या वेशीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला त्यांनी तलवारीने आपला झगा फाडून अर्धा दिला. पुढे फ्रँक राजांनी तो झगा पवित्र अवशेष म्हणून जपला, आणि झगा या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आपण ज्याला चॅपेल म्हणतो तो शब्द आला.

आणि उलटेही घडते. संत थॉमस भारतात आले, त्यांनी गुदनफर राजाकडून महाल बांधण्यासाठी पैसे घेतले, ते गोरगरिबांना वाटले आणि ‘तुझा महाल स्वर्गात बांधला आहे’ असे राजाला सांगितले, ही कथा तिसऱ्या शतकातल्या सिरियाक ग्रंथात आहे. असा राजा इतर कोणत्याच ग्रंथात नसल्यामुळे तो कल्पित समजला जाई. एकोणिसाव्या शतकात पंजाब आणि अफगाणिस्तानात त्याची नाणी सापडली, तख्त-ए-बाहीच्या शिलालेखात त्याचे नाव मिळाले आणि तो पहिल्या शतकातला गोंडोफारेस निघाला. थॉमस त्याच्याकडे गेले होते हे त्याने सिद्ध होत नाही. पण सांगणाऱ्याने राजाचे नाव हवेतून काढलेले नव्हते. युस्टेसबद्दल म्हणाल तर साम्य आहे हे मान्य. पण जोसाफाटच्या नावाचा प्रवास जसा अक्षराअक्षराने दाखवता येतो तसा तेथे दाखवता येत नाही, आणि शिकारीची हरणे सगळ्याच देशांत असतात.

कीर्तनवेडी यांचे उत्तर

मी विद्वान नाही, पण जुनीपोथी यांनी ‘दृष्टांत देत’ एवढे म्हणून सोडलेल्या जागी थोडे थांबावेसे वाटते. बार्लामचा सर्वांत गाजलेला दृष्टांत मी लहानपणी पंचवटीत रामनवमीच्या कीर्तनात ऐकला आहे, तो बार्लामचा आहे हे अर्थातच बुवांना ठाऊक नव्हते आणि असण्याचे कारणही नव्हते. अरण्यात एक माणूस हत्तीच्या भयाने पळतो, विहिरीत पडतो आणि मधेच वेलींत अडकून लोंबकळतो. खाली साप आहे, एक काळा आणि एक पांढरा असे उंदीर झाडाची मुळे कुरतडत आहेत, आणि वरच्या पोळ्यातून मधाचा एकेक थेंब गळतो आहे. तो चाटण्यात माणूस बाकी सगळे विसरतो. बुवा उपरणे मनगटाला गुंडाळून ते हात वर करून लोंबकळत आणि जीभ बाहेर काढली की झांजवाला नेमका एकच ठोका देई. आम्ही मुले त्या ठोक्याची वाट पाहत असू.

हा दृष्टांत महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो. तेथील हत्तीला सहा तोंडे आणि बारा पाय आहेत, कारण तो वर्ष आहे, सहा ऋतूंचा आणि बारा महिन्यांचा. उंदीर म्हणजे रात्र आणि दिवस. जैन ग्रंथांतही तो मधुबिंदू म्हणून आहे. ग्रीक कथेत पोचेपर्यंत हत्तीचा एकशिंगी प्राणी झाला आणि त्याचा अर्थ मृत्यू असा लागला. विहीर म्हणजे जग, चार नाग म्हणजे शरीरातली चार महाभूते आणि तळाचा अजगर म्हणजे नरक. उंदीर मात्र काळा आणि पांढराच राहिला. इटलीत पार्मा येथील बाप्तिस्मागृहाच्या एका दारावर आंतेलामीने सुमारे १२०० मध्ये हा माणूस कोरला आहे. मी त्याचे छायाचित्र पाहिले. झाडावर बसलेला तो गडी मधाच्या पोळ्यात इतका गुंगला आहे की खालचा अजगर त्याच्या खिजगणतीत नाही, आणि मला एकदम झांजेचा ठोका ऐकू आला.

स्पष्टवक्ता यांना एवढेच विचारते की हा दृष्टांत विदुराचा, जैन मुनींचा की बार्लामचा, याचा निवाडा झाला नाही म्हणून तो ऐकताना आपल्याला काही कमी पडते का?

स्पष्टवक्ता यांचे उत्तर

ऐकताना कमी पडत नाही, ताई. पण हाड भेट देताना तरी निवाडा व्हायला हवा होता, एवढेच माझे म्हणणे. संतकथा म्हणजे हिंडत्या गोष्टी, हे माझे विधान पर्पेतुआपुरते मागे घेतो. ते टिपण मी वाचलेले नव्हते, काल रात्री वाचले.

त्रिरश्मीवाचक यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे कागदावर उतरवून घेतली आणि कालच्या रविवारी, नेम मोडून पंधरा दिवसांतच, पुन्हा वर गेलो. नाशिकरोडच्या मित्राला कोउतु आणि कान्हेरीचा म्हातारा यांची हकीकत वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी बसल्या जागी मागे वळून सतराव्या लेण्याच्या व्हरांड्याकडे बोट केले. तेथील ब्राह्मी लेखात लेणे देणाऱ्याची ओळख आहे: उत्तरेकडील, दात्तामित्रीचा रहिवासी, यवन, धर्मदेव याचा पुत्र इंद्राग्निदत्त. मी तो लेख पन्नास वेळा पाहिला असेन. बापाचे आणि मुलाचे नाव येथले, धर्म बुद्धाचा, आणि स्वतःला म्हणवतो यवन, म्हणजे ग्रीक. जोसाफाटची कथा ग्रीकमध्ये उतरण्याच्या कितीतरी शतके आधी हा माणूस आमच्या डोंगरात लेणे कोरवून गेला होता.

नामावलीतून नाव गेल्याचे शरणपूरकरांचे म्हणणे मी मित्राला सांगितले. ते जरा हिरमुसले, पण लगेच म्हणाले की नाव काढले तरी तारीख कोणी कॅलेंडरातून काढलेली नाही. तेव्हा येत्या २७ नोव्हेंबरला, वार कोणताही असो, आम्ही चौघे वर जाणार आहोत आणि त्या दिवशी दशम्यांऐवजी डबा त्यांचा असेल.